‘वेलबुट्टी’ ह्या शब्दाविषयी : बारामती परिसरातील मंदिरांच्या वनस्पतिरूप अलंकरणाचा विचार

१

प्राचीन मंदिरांची जी वर्णने मराठीत लिहिली गेली आहेत, त्यांत मूर्तींच्या वर्णनाला जो काटेकोरपणा लाभला तो अलंकरणाच्या वर्णनाला लाभलेला नाही. मूर्तीच्या बाबतीत हातांची संख्या, आयुधांचा क्रम, वाहन, मुद्रा ह्यांची नोंद अगत्याने केली जाते. परंतु त्याच मूर्तीभोवतालची दारचौकट, तिच्या पायाचा उंबरा आणि तिच्या वरचे छत ह्यांची बोळवण ‘सुंदर वेलबुट्टी’, ‘नाजूक नक्षीकाम’, ‘पानाफुलांची कलाकुसर’ अशा दोनतीन ठरीव शब्दांनी होते. दारावर काय आहे, तर वेलबुट्टी. खांबावर काय आहे, तर वेलबुट्टी. छतावर काय आहे, तर तीच. शब्द एक झाला की वस्तूही एकच भासू लागते. हा दोष केवळ शैलीचा असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु एखाद्या गोष्टीला आपण काय म्हणतो, ह्यावर ती गोष्ट आपण कशी पाहतो आणि कितपत जपतो हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून ह्या शब्दाची आणि त्यामागील समजुतीची परीक्षा करणे अवश्य ठरते. ही परीक्षा बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांतील आणि त्यांच्या शेजारच्या मंदिरांच्या संदर्भात केल्यास विशेष फलदायी होते. त्याची कारणे पुढे येतील.

‘वेलबुट्टी’ हा शब्द मूळचा वस्त्राच्या जगातला. पदराला, काठाला व अंगाला विणलेली किंवा काढलेली जी वेल आणि मधूनमधून टाकलेली जी बुट्टी, त्यांचा तो समास होय. वस्त्रावरील बुट्टीचे लक्षण असे की ती नसली तरी लुगडे हे लुगडेच राहते. तिने शोभा येते, परंतु वस्त्राचे वस्त्रपण तिच्यावर अवलंबून नसते. हा शब्द जेव्हा दगडावर आणून बसविला जातो, तेव्हा त्याच्याबरोबर हे गृहीतही नकळत येते. आधी वास्तू पूर्ण झाली आणि मग तिच्या अंगावर शोभेसाठी पाने-फुले चढविली, असे वाचकाच्या मनात ठसते. ‘नक्षी’ हा अरबी ‘नक्श’ ह्या शब्दापासून फारसीच्या द्वारे आलेला शब्दही रेखाटनाचा, म्हणजे पृष्ठभागावरच्या कामाचाच निर्देश करतो.

येथे वस्त्रविद्येवर अन्याय होऊ नये. पैठणीचा विणकर सरसकट ‘वेलबुट्टी’ असे म्हणून थांबत नाही. त्याच्यापाशी असावली आहे, कुयरी आहे, नारळी काठ आहे. प्रत्येक रूपाला नाव आहे आणि प्रत्येक नावाला वस्त्रावरची जागा आहे. ज्या व्यवसायातून शब्द उसना घेतला त्या व्यवसायातील सूक्ष्म भेद मात्र मंदिरांच्या वर्णनकारांनी घेतले नाहीत. शब्द आला, शिस्त आली नाही.

२

ह्याच्या उलट, ज्या परंपरेत ही मंदिरे उभी राहिली त्या परंपरेची परिभाषा पाहावी. धारच्या भोज राजाच्या नावे प्रसिद्ध असलेला ‘समरांगणसूत्रधार’, तसेच ‘अपराजितपृच्छा’ ह्यांसारख्या ग्रंथांतील वास्तुशब्दांची नुसती यादी केली तरी एक गोष्ट ध्यानात येते. वनस्पतिवाचक शब्द तेथे अलंकाराची नावे म्हणून जेवढे येतात, तेवढेच वास्तूच्या अवयवांची नावे म्हणूनही येतात. दारचौकटीच्या उभ्या पट्ट्यांना ‘शाखा’ म्हणतात. ज्या शिखराच्या कडा एका वळणाने वर जातात त्याला ‘लतिन’ हे नाव आहे. शिखराला ‘मंजरी’ असेही म्हटले जाते. शिखराच्या मानेवरचा खाचा असलेला चक्राकार दगड तो ‘आमलक’, म्हणजे आवळा. छताच्या मध्यभागी बसणारा शेवटचा दगड ती ‘पद्मशिला’. गाभाऱ्याच्या उंबऱ्याचे नाव ‘उदुंबर’, आणि त्या उंबऱ्याच्या मध्यभागी जो अर्धवर्तुळाकार भाग पुढे आलेला असतो तो ‘मंदारक’. पायापासून कळसापर्यंत जणू एक झाड उभे आहे.

तथापि ह्या यादीवरून घाईने अनुमान काढणे योग्य नाही. ‘शाखा’ हा शब्द वेदाच्या पाठभेदालाही लावला जातो, आणि आज बँकेची शाखा म्हणताना झाडाची आठवण कोणासही होत नाही. रूपक वापराने झिजते आणि केवळ संज्ञा उरते. तेव्हा ‘द्वारशाखा’ म्हणणाऱ्या सूत्रधाराच्या मनात फांदी होतीच, असे शब्दाच्या बळावर सांगता येणार नाही. परंतु ह्याच द्वारशाखांपैकी एका पट्टीवर जेव्हा खालून वर चढत जाणारी वेल कोरलेली असते आणि तिला ‘पत्रशाखा’ असे स्वतंत्र नाव दिलेले असते, तेव्हा झिजलेले रूपक कारागिराने पुन्हा जिवंत केले, असे म्हणावयास हरकत नाही.

‘उदुंबर’ ह्या शब्दाची कथा अधिक मनोरंजक आहे. मराठीत ‘उंबर’ हे झाड आणि ‘उंबरा’ किंवा ‘उंबरठा’ ही देहली. ‘उंबऱ्याला उंबराचे लाकूड वापरीत, म्हणून तो उंबरा’ अशी सोपी व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. परंतु पालीत देहलीला ‘उम्मार’ आणि प्राकृतात ‘उम्मर’ असे शब्द आहेत, आणि प्राकृत कोशांत हा शब्द देशी म्हणून नोंदला गेला आहे. लोकभाषेतील देहलीवाचक शब्दाला शिल्पग्रंथांच्या संस्कृतात ‘उदुंबर’ हे झाडाचे रूप मिळाले असण्याचा संभव त्यामुळे दुर्लक्षिता येत नाही. व्युत्पत्ती कोणतीही मानली, तरी ग्रंथांच्या आणि मंदिरांच्या काळी देहलीचे नाव व वृक्षाचे नाव एक झालेले होते, एवढे निश्चित. मराठीने तर ह्या शब्दाला घराचेच मान दिले आहे. गावाची वस्ती सांगताना ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’ असे म्हणतात, ‘शंभर छपरांचे’ असे म्हणत नाहीत. सणावारी ज्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहिले जाते आणि ज्याच्यापुढे रांगोळी काढली जाते, तोच उंबरा मंदिरात मंदारकाच्या कोरीव कमळदेठांसह पडलेला आहे. घरातील रांगोळी रोज पुसते व रोज निघते. मंदिरातली एकदाच निघालेली आहे. ह्या दोहोंचे काम एकच, आत आणि बाहेर ह्यांमधील सीमा दाखविणे. ह्या सीमेला ‘वेलबुट्टी’ म्हटल्याने तिचे काम झाकले जाते.

३

वनस्पतिरूपांविषयी दुसरी एक प्रचलित समजूत अशी की कारागिराने भोवतालचा निसर्ग पाहिला आणि तो दगडात उतरविला. ही समजूत तपासण्यास बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव फार उपयोगी आहे. तालुक्याच्या जिरायती भागातील ह्या गावी मल्लिकार्जुनाचे यादवकालीन मंदिर, त्यापुढे बांधीव चौकोनी पुष्करणी व तिच्या काठी एक मंडप आहे. येथील यज्ञवराहाची मूर्ती अभ्यासकांना परिचित आहे. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. नीरेचा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाल्यावर तालुक्याचा काही भाग हिरवा झाला, ऊस आला. परंतु लोणी भापकर, मोरगाव, सुपे ह्या बाजूची भूमी पाण्यासाठी आभाळाकडे पाहणारीच राहिली. येथील खरी वनस्पती म्हणजे बाभूळ, बोर, हिवर, तरवड आणि निंब. ह्या मुलखातील मंदिरे ज्या परंपरेत घडली, तिच्या अलंकरणात मात्र बाभळीचे पान किंवा तरवडाचे फूल ह्यांना स्थान नाही. तेथे कमळ आहे, कमळाचे देठ आहेत, वळणे घेत जाणारी जललता आहे आणि आवळा आहे.

‘पुष्करणी’ हा शब्दच ह्या विसंगतीचा साक्षीदार आहे. ‘पुष्कर’ म्हणजे कमळ. ‘पुष्करिणी’ म्हणजे कमळे असलेली जागा. पाणिनीने ‘पुष्कर’ इत्यादी शब्दांना स्थळ ह्या अर्थी होणारा प्रत्यय स्वतंत्रपणे सांगितला आहे. कोरडवाहू मुलखातील दगडी हौदाला कमळांच्या स्थानाचे नाव मिळते, तेव्हा ते नाव तेथे काय आहे हे सांगत नसून तेथे काय असावे हे सांगते. दगडातील कमळांचेही असेच आहे. त्यांना निसर्गाचे चित्रण समजून त्यांची जात शोधू पाहणारा अभ्यासक नावावरून हौदात कमळे शोधणाऱ्या माणसासारखाच फसतो.

पाश्चात्य कलाविचारात हा वाद फार पूर्वी झालेला आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियस ह्याने करिंथियन स्तंभशीर्षाची उत्पत्ती एका कथेने सांगितली. करिंथ येथील एका मुलीच्या थडग्यावर ठेवलेल्या टोपलीभोवती अकँथसची पाने उगवली, ती कॅलिमॅकसने पाहिली आणि तेच रूप त्याने स्तंभाला दिले. १८९३ साली ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल ह्याने ही कथा अमान्य केली. अकँथसचे अलंकरण पानाकडे पाहून निर्माण झालेले नाही, ते आधीच्या तालपत्राकृती रूपापासून क्रमाने घडत आले, असे त्याने दाखविले. आकृतीला आकृतीपासून जन्म मिळतो, हा त्याचा मुद्दा. भारतीय कलेच्या बाबतीत आनंद कुमारस्वामी ह्यांनी ‘यक्ष’ ह्या ग्रंथाच्या १९३१ साली निघालेल्या दुसऱ्या भागात पूर्णघट, कमळ, मकर आणि त्यांच्यातून निघणारी लता ह्यांचा संबंध जलाविषयीच्या प्राचीन कल्पनांशी जोडला. पाण्यातून जीवन निघते, म्हणून घटातून पाने निघतात आणि मकराच्या मुखातून वेल निघते.

रीगलने रूपाचा वंश दाखविला आणि कुमारस्वामींनी त्याचा अर्थ दाखविला. परंतु एक प्रश्न ह्या दोघांच्याही विवेचनाबाहेर राहतो. हे रूप वास्तूत नेमके कोठे बसते, आणि तेथेच का बसते?

४

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एका आक्षेपाचा परामर्श घ्यावा लागतो. यादवकालीन अलंकरण हे आधीच्या काळाच्या मानाने निर्जीव झाले आहे, असे मत पुष्कळदा व्यक्त होते. ह्या मताला आधार नाही असे नाही. वेरूळचे एकविसावे, म्हणजे रामेश्वर लेणे पाहावे. त्याच्या ओसरीतील खांबांवर घट आहेत आणि त्यांच्या काठावरून पालवी भरभरून खाली झुकली आहे. खांबांना टेकून आम्रवृक्षाखाली उभ्या असलेल्या स्त्रिया आहेत. तेथील पान हे पानच आहे. ते ओले वाटते. कित्येक शतकांनंतरच्या यादवकालीन मंदिरांतील खांबांकडे वळावे, तर ते एकावर एक चौकोन, अष्टकोन व वर्तुळ रचून घडविलेले असतात. त्यांच्यावरील पान पट्टीत बसविलेले, मोजलेले, पुष्कळदा अर्ध्या चौकटीच्या शंकरपाळ्यासारखे झालेले असते. पहिल्या पानाला वारा लागला असता तर ते हलले असते. दुसरे हलणार नाही.

परंतु हे हलणे थांबले एवढ्यावरून ऱ्हास सिद्ध होत नाही. भाषेत असेच घडते आणि तेथे त्याला कोणी ऱ्हास म्हणत नाही. ‘कड’ म्हणजे बाजू हा अर्थपूर्ण शब्द. तो ‘घराकडे’ ह्या रूपात आला, तेव्हा बाजूचे चित्र पुसट झाले आणि त्या शब्दाला संबंध दाखविण्याचे काम मिळाले. ‘मध्य’ ह्या नामाचे ‘मध्ये’ झाले. अर्थाची समृद्धी कमी झाली, परंतु त्या बदल्यात वाक्यातील जागा पक्की झाली. पूर्वी तो शब्द एकटा उभा राहू शकत होता. आता तो दुसऱ्याला जोडून उभा राहतो आणि जोडणे हेच त्याचे काम होते. यादवकालीन मंदिरातील पानाचे असेच झाले आहे. ते चित्र राहिले नाही, ते प्रत्यय झाले.

प्रत्यय झाले म्हणजे काय, हे छताच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ह्या मंदिरांत खरी कमान नसते. चौकोनी दालनाच्या तुळयांवर कोपऱ्यांत दगड आडवे टाकून जागा लहान करीत नेतात, किंवा थरावर थर थोडा पुढे काढून वर्तुळे आवळीत आणतात. शेवटी मध्यभागी एक पोकळी उरते आणि ती एका दगडाने बंद करतात. हीच पद्मशिला. हिच्यावर कमळ कोरण्याचे कारण शोभा एवढेच नाही. खालून वर आवळत येणारी दगडांची वर्तुळे आणि बाहेरून आत मिटत जाणाऱ्या पाकळ्यांची वर्तुळे ही एकच आकृती आहे. कमळ हे रचनेचा शेवट सांगते. वाक्याच्या अंती क्रियापद यावे तसे ते येते. ते तेथून काढून भिंतीच्या मधोमध बसविले, तर कमळ तेच राहील, परंतु त्याचे काम संपेल.

दारचौकटीवर पत्रशाखेचे कामही असेच जागेवरून ठरते. भिंतीचा जड भाग संपून पोकळीचा आरंभ होतो तेथे उभ्या पट्ट्या टप्प्याटप्प्याने आत जातात, आणि त्यांतील वेलीची पट्टी नजरेला खालून वर नेते. वेलीचे वळण थांबत नाही, म्हणून नजर मध्येच थबकत नाही. शिखरावरचा आमलक हा तर भाराचाच दगड आहे. शिखराच्या आत झुकत आलेल्या कडा ज्या मानेपाशी मिळतात तिच्यावर तो बसतो. आवळ्याच्या फळावर ज्या पुसट उभ्या रेषा दिसतात त्यांचे दगडात खोल खाचांत रूपांतर झाले आहे, आणि त्या खाचांमुळे एवढा मोठा दगड डोळ्याला जड वाटत नाही. सीमा, चढ, भार आणि समाप्ती अशा चार स्थानी चार वनस्पतिरूपे येतात. त्या चौघांनाही एकच नाव देणे म्हणजे नामाच्या सर्व विभक्तींना मिळून एकच प्रत्यय आहे असे सांगण्यासारखे होय.

५

ह्या उपपत्तीची मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्वच पान-फूल प्रत्ययरूपाने येते असे नाही. यादवकालीन मंदिरांत अशाही पट्ट्या आढळतात की जेथे कोणताही सांधा नाही, भार नाही, सीमा नाही. केवळ सपाट जागा रिकामी राहू नये म्हणून चौफुलीला चौफुली जोडीत नेलेली असते. तेथे ‘वेलबुट्टी’ हाच शब्द योग्य होय. ती पट्टी खरोखरच वस्त्रासारखी आहे आणि ती नसती तर वास्तूचे काही बिघडले नसते. कारागिराचा हात चालत राहिला आणि मन थांबले, असे त्या ठिकाणी निःसंकोच म्हणावे. चिकित्सक वर्णनाचे काम सर्व अलंकरणाला अर्थ चिकटविणे हे नव्हे. सार्थ कोणते आणि भरतीचे कोणते हा विवेक करणे हे होय. हा विवेक करण्यासाठीच दोहोंना वेगळी नावे हवीत.

एका शब्दाने अनेक वस्तू झाकण्याचे हे एकमेव उदाहरण नाही. ‘हेमाडपंती’ ह्या शब्दाने असेच केले आहे. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. परंतु शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा लेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिरही लोकव्यवहारात हेमाडपंती ठरते. सुमारे दोन शतकांचे अंतर एका विशेषणाने पुसले जाते. हेन्री कझेन्स ह्याचा दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, गो. बं. देगलूरकर ह्यांचा महाराष्ट्रातील मंदिरांच्या वास्तू व शिल्पांवरील ग्रंथ १९७४ साली आला. ह्या अभ्यासांमुळे कालभेद व शैलीभेद पुष्कळ स्पष्ट झाले. परंतु हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठीतील सर्वसामान्य वर्णनात त्यांतील सूक्ष्मता उतरली नाही. तेथे ‘हेमाडपंती मंदिर’ आणि ‘सुंदर वेलबुट्टी’ ही जोडी अद्याप सुखाने नांदत आहे.

६

ह्या शब्दचर्चेचा व्यवहाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. जीर्णोद्धाराच्या कामात त्याचे उत्तर मिळते. मंदिरातील मूर्तीला धक्का लागू नये ह्याविषयी गावकरी अत्यंत दक्ष असतात. त्याच वेळी गाभाऱ्यापुढील जमिनीवर गुळगुळीत फरशी बसते आणि तिच्या थराखाली मंदारक अर्धाअधिक बुडतो. पत्रशाखेवर तेलरंगाचे हात चढतात आणि वेलीच्या कडा बुजतात. ह्यात अश्रद्धा मुळीच नसते. उलट, देवासाठी चांगले करावे ही भावनाच असते. परंतु जे वर्णनात ‘नक्षी’ म्हणून आले ते रंगविण्याजोगे, झाकण्याजोगे ठरले. मूर्तीला नाव होते म्हणून ती वाचली. उंबऱ्याच्या कमळाला नाव नव्हते म्हणून ते गेले.

इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील उदाहरण ह्याहून गंभीर आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयात जुन्या गावाबरोबर पळसनाथाचे प्राचीन मंदिरही गेले. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो आणि जलाशय खूप आटतो, त्या उन्हाळ्यात आधी शिखर आणि मग मंदिराचा इतर भाग उघडा पडतो; लोक होड्यांनी व पायी दर्शनास जातात, छायाचित्रे घेतात, आणि पाऊस आला की मंदिर पुन्हा दिसेनासे होते. ज्या देवाच्या नावातच पळसाचे झाड आहे आणि ज्या परंपरेत वास्तूचे प्रत्येक वनस्पतिरूप पाण्याच्या आश्वासनाशी बांधलेले आहे, तिच्यातील एका वास्तूचे दर्शन आता दुष्काळावर अवलंबून आहे. धरणाची आवश्यकता येथे वादाचा विषय नाही. ह्या मुलखाला पाण्याची गरज काय आहे हे लोणी भापकरची पुष्करणी आठ शतके सांगत आली आहे. परंतु वर्षानुवर्षे पाण्याखाली राहणाऱ्या व मधूनच उन्हात तापणाऱ्या दगडाची झीज थांबणार नाही. तेव्हा प्रत्येक उघडीप ही नोंदीची संधी होय, आणि ती नोंद ‘पानाफुलांची नक्षी’ एवढ्यावर संपली तर ती असून नसल्यासारखी होईल.

ह्यासाठी नवी परिभाषा घडविण्याची गरज नाही. शाखा, उंबरा, मंदारक, पद्मशिला, आमलक हे शब्द तयार आहेत. त्यांतील काही बोलीत रुळलेले आहेत, काही थोड्या परिचयाने रुळतील. वर्णनकाराने प्रत्येक वनस्पतिरूपाविषयी तीन गोष्टी नोंदवाव्यात : ते कोणत्या अवयवावर आहे, त्या अवयवाचे रचनेतील काम काय आहे, आणि ते रूप त्या कामाला धरून आहे की केवळ जागा भरून आहे. ‘हे कोणत्या झाडाचे पान’ हा प्रश्न त्यानंतर विचारावा. ह्या क्रमाने पाहिल्यास बारामती परिसरातील जिरायती माळावरची मंदिरे हीसुद्धा वेरूळइतकीच वाचनीय आहेत, हे प्रत्ययास येईल; आणि ज्यांच्या गावी ती उभी आहेत त्यांनाही आपल्या घराचा उंबरा आणि देवाचा उंबरा ह्यांतील नाते ओळखू येईल. ज्याचे नाव घेता येते, त्यावर फरशी बसविण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबतो. मंदिराच्या रक्षणाला आरंभी तेवढे थांबणे पुरेसे आहे.